युरोपातील प्रबोधन : ज्ञानाची मक्तेदारी कुठे मोडली, कुठे टिकली

'प्रबोधन' हा शब्द आपल्या वस्त्यांमध्ये रोजच्या वापरातला आहे. जयंतीला प्रबोधनाचा कार्यक्रम असतो, गायन पार्टी प्रबोधनपर गीते गाते, फलकावर 'समाजप्रबोधन' लिहिलेले असते. हाच शब्द इतिहासाच्या पुस्तकात 'युरोपातील प्रबोधन' म्हणून येतो, तेव्हा मात्र तो परक्या देशातल्या चित्रांचा आणि पुतळ्यांचा विषय वाटतो. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना बहुधा एकच उत्तर ऐकायला मिळते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत पळून आले आणि प्रबोधन सुरू झाले. पुढे लिओनार्दो, मायकेलअँजेलो, कोलंबस अशी नावे लिहिली की गुण मिळतात.

हे उत्तर अपुरे आहे आणि त्यातून मूळ प्रश्नच निसटतो. ग्रंथ वाचण्याचा, त्याचा अर्थ लावण्याचा आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार त्या समाजात कोणाकडे होता? तो कोणाच्या हाती गेला? आणि कोणाला नाकारला गेला? या लेखात युरोपच्या प्रबोधनाचा इतिहास या तीन प्रश्नांच्या अंगाने पाहू.

तीन शब्द, तीन काळ

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत 'प्रबोधन' हा शब्द दोन-तीन वेगळ्या घटनांसाठी वापरला जातो.

पहिली घटना म्हणजे रेनेसाँ. या फ्रेंच शब्दाचा अर्थ पुनर्जन्म. इटलीतील शहरांमध्ये चौदाव्या शतकात त्याची सुरुवात झाली आणि सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो युरोपभर पसरला. दुसरी घटना म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा चळवळ. मार्टिन ल्यूथरपासून ती सुरू झाली असे मानतात. तिसरी घटना अठराव्या शतकातील ज्ञानोदय. व्हॉल्टेअर, रूसो, थॉमस पेन ही नावे त्या काळातली. तिन्ही घटना एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण एक नाहीत. या लेखाचा भर पहिल्या दोन घटनांवर आहे.

राबणारे, लढणारे, प्रार्थना करणारे

मध्ययुगीन युरोपातील चर्चचे लेखक समाजाचे तीन भाग सांगत : प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. ही रचना ईश्वरानेच ठरवली आहे, असे ते म्हणत. राबणाऱ्यांपैकी बरेच जण भूदास होते. सरंजामदाराच्या जमिनीवर ठरावीक दिवस फुकट काम करायचे आणि त्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, असे त्यांचे जिणे होते.

हे वाचताना चातुर्वर्ण्य आठवणे स्वाभाविक आहे. मात्र साम्य पाहताना फरकही पाहिला पाहिजे. कॅथॉलिक पाद्री अविवाहित असत, त्यामुळे पाद्रीपण बापाकडून मुलाकडे जात नसे. हुशार शेतकऱ्याचा मुलगा कधी कधी पाद्री होऊ शकत असे. जन्माची दारे तिथेही होती, पण जातीइतकी घट्ट बंद नव्हती.

ज्ञानाची भाषा लॅटिन होती. बायबल लॅटिनमध्ये, प्रार्थना लॅटिनमध्ये, विद्यापीठातले शिक्षण लॅटिनमध्ये. सामान्य माणूस दर रविवारी चर्चमध्ये जे ऐके, ते त्याला फारसे कळत नसे. ग्रंथाचा अर्थ पाद्री सांगेल तोच.

महामारी आणि मजुरी

१३४७ ते १३५१ या काळात प्लेगच्या साथीने युरोपची किमान एक तृतीयांश लोकसंख्या मेली. फ्लॉरेन्समध्ये तर सुमारे निम्मी माणसे गेली. जे मजूर वाचले, त्यांच्या श्रमाची किंमत वाढली. इंग्लंडच्या सत्ताधाऱ्यांनी १३५१ मध्ये कायदा करून मजुरी साथीच्या आधीच्या दरावर बांधून टाकण्याचा प्रयत्न केला. १३८१ मध्ये तिथे शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. ते चिरडले गेले, तरी पश्चिम युरोपात भूदासपद हळूहळू सैल होत गेले.

इटलीत व्यापारी शहरे आधीच मोठी झाली होती. फ्लॉरेन्स लोकरीच्या कापडावर आणि सावकारीवर उभे होते. त्याचे सोन्याचे नाणे, फ्लोरिन, १२५२ पासून युरोपभर चाले. मेदिची घराण्याची पेढी १३९७ मध्ये सुरू झाली. या व्यापाऱ्यांना हिशेब, पत्रव्यवहार, करारनामे लिहू शकणारी माणसे हवी होती. त्यामुळे चर्चबाहेर एक नवा शिक्षित वर्ग तयार झाला. या वर्गाकडे पैसा होता आणि प्रतिष्ठेची भूकही होती. चित्रकार, शिल्पकार, पंडित यांना आश्रय मिळाला तो यातून.

याच फ्लॉरेन्समध्ये १३७८ साली लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी बंड केले. ते 'चोंपी' या नावाने ओळखले जातात. शहराचा कारभार व्यापारी-कारागिरांच्या संघांकडे होता आणि या मजुरांना स्वतःचा संघ करण्याची मुभा नव्हती. बंडानंतर काही आठवडे एक लोकर पिंजणारा शहराच्या सर्वोच्च पदावर होता. मजुरांचा संघ त्याच वर्षी मोडला गेला आणि १३८२ पर्यंत जुनी धनिक घराणी परत सत्तेवर आली. ज्या शहराला प्रबोधनाची जन्मभूमी म्हणतात, त्या शहराच्या संपत्तीमागे हे हात होते.

जुन्या ग्रंथांचा शोध

पेत्रार्क हा कवी (१३०४–१३७४) प्राचीन रोमन ग्रंथ शोधत फिरे. १३४५ मध्ये व्हेरोना येथे त्याला सिसेरोची विसरली गेलेली पत्रे सापडली. मॅन्युएल क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित १३९७ पासून फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला. फ्लॉरेन्सच्या चर्चवरचा प्रसिद्ध घुमट ब्रुनेलेस्कीने १४३६ मध्ये पूर्ण केला. या सगळ्या घटना १४५३ च्या आधीच्या आहेत. कॉन्स्टँटिनोपल पडल्यामुळे आणखी पंडित आणि हस्तलिखिते इटलीत आली हे खरे, पण तोवर प्रबोधन चांगले शंभर वर्षांचे झाले होते.

दुसरी गोष्ट अशी की हे ज्ञान फक्त ग्रीस आणि रोमचे नव्हते. ॲरिस्टॉटलचे बरेचसे लेखन बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदोसारख्या शहरांत अरबीतून लॅटिनमध्ये आले. इब्न सीनाचा वैद्यकावरील ग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शेकडो वर्षे पाठ्यपुस्तक होता. शून्यासह दहा अंकांची भारतीय पद्धत अरबांकडून युरोपला मिळाली. पिसा येथील फिबोनाची याने १२०२ मधील आपल्या ग्रंथात ती व्यापाऱ्यांना समजावून सांगितली. कागद चीनमधून अरबांमार्फत पोहोचला. युरोप स्वतःच्याच बळावर जागा झाला, ही समजूत टिकत नाही.

या पंडितांना 'मानवतावादी' म्हणतात. आज मानवतावाद म्हणजे दया किंवा समता असे आपण समजतो. तेव्हा त्याचा अर्थ मर्यादित होता : व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य आणि नीतिशास्त्र या विद्यांचा अभ्यास. त्यांपैकी बहुतेक जण श्रद्धाळू ख्रिस्ती होते. तरीही त्यांनी एक सवय रुजवली. ग्रंथ केवळ प्रमाण मानायचा नाही. तो कधी लिहिला, कोणी लिहिला, भाषा कोणत्या काळातली आहे, हे तपासायचे.

एका दानपत्राची तपासणी

या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण लोरेन्झो व्हाल्ला याचे आहे. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील साम्राज्याची सत्ता पोपला दान केली, असे सांगणारे एक दानपत्र चर्चकडे होते. पोप आपल्या राजकीय हक्कासाठी त्याचा आधार घेत. १४४० मध्ये व्हाल्लाने ते बनावट असल्याचे सिद्ध केले. त्याची पद्धत साधी होती. दानपत्रातली लॅटिन चौथ्या शतकातली नाही. त्यातले काही शब्द आणि पदे त्या काळात रोममध्ये वापरातच नव्हती. मग ते त्या काळचे कसे असेल?

व्हाल्ला तेव्हा पोपशी भांडण असलेल्या एका राजाच्या पदरी होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सत्य सांगण्याची हिंमत त्याची होती, पण त्याला संरक्षण दुसऱ्या सत्तेचे होते. हा निबंध पुढे छापला गेला आणि १५२० मध्ये ल्यूथरने तो वाचला. पुरोहितसत्तेचा एक मोठा दावा शब्दांच्या अभ्यासाने कोसळला होता.

छपाई : बौद्ध सूत्रापासून गुटेनबर्गपर्यंत

छपाईचा शोध गुटेनबर्गने लावला, असे सरसकट लिहिले जाते. तारीख नोंदलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ मात्र बौद्ध आहे. तो म्हणजे वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राची चिनी प्रत. इसवी सन ८६८ मध्ये लाकडी ठशांनी ती छापली गेली. दुनहुआंगच्या गुहांमध्ये ती सापडली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी, सर्वांना मोफत वाटण्याकरिता ती छापून घेतल्याची नोंद तिच्या शेवटी आहे. धातूचे सुटे खिळे वापरून छापलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तकही बौद्धच आहे. कोरियातील 'जिकजी' १३७७ मध्ये छापले गेले आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गुटेनबर्गने ही विद्या पूर्वेकडून घेतली याचा थेट पुरावा नाही. पण धम्माचा प्रसार करण्याच्या इच्छेतून छपाई वाढली, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ येथे बायबलच्या सुमारे १८० प्रती छापल्या. पन्नास वर्षांच्या आत दोनशेहून अधिक युरोपीय शहरांत छापखाने उभे राहिले. पूर्वी एक ग्रंथ नकलून काढायला महिनोन्‌महिने लागत. आता शेकडो प्रती एकसारख्या निघू लागल्या. मतभेद दाबायचा तर एक हस्तलिखित जाळून भागेना.

ल्यूथर आणि शेतकरी

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. १५२२ मध्ये त्याने केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला. माणूस आणि ईश्वर यांच्यात पुरोहिताची मध्यस्थी लागत नाही, प्रत्येक श्रद्धावान स्वतःच पुरोहित आहे, ही त्याची भूमिका होती.

शेतकऱ्यांनी ती गंभीरपणे घेतली. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन या गावी त्यांनी बारा कलमांची मागणीपत्रिका तयार केली. आपला पाद्री आपण निवडू. ख्रिस्ताने सर्वांना मुक्त केले असेल तर आम्ही भूदास कसे? जंगल, नदी, गायरान यांवर गावाचा हक्क असला पाहिजे. ही पत्रिका छापली गेली आणि हजारोंच्या संख्येने पसरली.

ल्यूथर शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. सुरुवातीला त्याने दोन्ही पक्षांना समज दिली. बंड वाढताच मात्र शेतकऱ्यांना निर्दयपणे ठार करा, असे सरदारांना सांगणारी पुस्तिका त्याने लिहिली. या युद्धात ७० हजार ते १ लाख माणसे मारली गेली असा अंदाज आहे. आत्म्याचे स्वातंत्र्य मान्य होते, जमिनीवरचे नव्हते.

१५४३ : एक वर्ष, तीन घटना

या काळाचे दोन्ही चेहरे एकत्र पाहायचे असतील तर १५४३ हे वर्ष घ्यावे.

त्या वर्षी न्यूरेम्बर्ग येथे कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याने गणिताने मांडले.

त्याच वर्षी बाझेल येथे व्हेसेलियसचा मानवी शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ छापला गेला. तो तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याच्या आधी वैद्यकाचा प्राध्यापक उंच आसनावर बसून दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याचा ग्रंथ वाचून दाखवी. खाली प्रेताला हात लावण्याचे, चिरफाड करण्याचे काम शस्त्रक्रिया करणारा न्हावी करी. वाचणारा कापत नव्हता आणि कापणाऱ्याला बोलण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे ग्रंथातली चूक समोर दिसत असूनही कोणी दाखवत नव्हते. व्हेसेलियस आसनावरून खाली उतरला आणि त्याने स्वतःच्या हातांनी शवविच्छेदन केले. गॅलेनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता, प्रत्यक्षात हाड एकच निघाले. गॅलेनने माकडांसारख्या प्राण्यांवरून माणसाचे वर्णन केले होते. हाताचे काम हलके आणि डोक्याचे काम श्रेष्ठ, ही विभागणी ज्ञानालाच मारते, हे व्हेसेलियसने आपल्या प्रस्तावनेत सांगितले. त्याआधीच्या शतकात सोनार असलेला ब्रुनेलेस्की आणि लॅटिनचे रीतसर शिक्षण नसलेला लिओनार्दो हेही हाताने काम करणाऱ्यांतूनच आले होते. आधुनिक विज्ञान उभे राहिले ते पंडित आणि कारागीर जिथे एकत्र आले तिथे.

तिसरी घटना लंडनची. विल्यम टिंडेल याने १५२६ मध्ये नवा करार इंग्रजीत छापून आणला होता आणि १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारून जाळण्यात आले होते. त्यानंतर तीनच वर्षांत राजा आठव्या हेन्रीच्या आज्ञेने अधिकृत इंग्रजी बायबल निघाले. सामान्य माणसे ते वाचून वाद घालू लागली. मग १५४३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा केला. कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य स्त्रिया यांनी इंग्रजी बायबल वाचायचे नाही. सरदार घराण्यातील स्त्रीने फक्त स्वतःपुरते, एकांतात वाचावे. चारच वर्षांनी, हेन्री मेल्यावर हा कायदा रद्द झाला. शूद्र आणि स्त्रीने वेद ऐकू नये असे सांगणाऱ्या स्मृतींच्या देशातल्या वाचकाला या कायद्याची मानसिकता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की तिथे तो चार वर्षांत कोसळला, कारण पुस्तके घराघरात पोहोचली होती.

जे बाहेर राहिले

पोप पाचवा निकोलस ग्रंथप्रेमी मानवतावादी होता. व्हॅटिकन ग्रंथालयाचा पाया त्यानेच घातला. त्यानेच १४५२ आणि १४५५ च्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. १५५०–५१ मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे अमेरिकेतील मूलनिवासींच्या हक्कांवर वाद झाला. मूलनिवासींच्या बाजूने धर्मगुरू लास कासास बोलले. त्यांच्या विरोधात सेपुल्वेदा हा ॲरिस्टॉटलचा अनुवादक होता. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, या ॲरिस्टॉटलच्या मताचाच त्याने आधार घेतला. जुने ग्रंथ सापडले, तशी जुनी विषमताही नव्याने सापडली.

१५१६ मध्ये व्हेनिसने ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात राहण्याची सक्ती केली. रात्री त्या वस्तीचे दरवाजे बंद होत. 'घेटो' हा शब्द तिथूनच आला. जर्मन शहरांत जल्लाद आणि मेलेली जनावरे सोलणारे यांना अप्रतिष्ठित मानत. त्यांच्या मुलांना कारागिरांच्या संघात घेत नसत. त्यांच्याशी संबंध आला म्हणून कारागिराला संघातून काढल्याची उदाहरणे आहेत.

स्त्रियांची स्थिती तर काही बाबतींत बिघडली. चेटकीण ठरवून मारण्याचा कहर मध्ययुगात झाला नाही, तो पंधराव्या ते अठराव्या शतकात झाला. ४० ते ६० हजार लोक मारले गेले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चेटकीण ओळखण्याची पुस्तकेही छापखान्यातच छापली गेली. पोपने १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, जिओर्दानो ब्रूनोला १६०० मध्ये रोममध्ये जिवंत जाळले, गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालवला.

पुढे ज्ञानोदय आला, १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती झाली. तरीही बाहेर राहिलेल्यांना हक्क आपोआप मिळाले नाहीत. ऑलिंप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. हैतीच्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचे राष्ट्र उभे केले. आधुनिक युरोपची मूल्ये खरी सर्वांची झाली ती अशा लढ्यांमुळे.

आपल्या किनाऱ्यावरचा छापखाना

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. इंग्लंडमध्ये बायबल वाचण्यावरून वाद चालू होते, त्याच काळात यंत्र आपल्या दारात होते. पण ते चर्चच्या हाती होते आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत. देवनागरीतील मराठी छपाईला १८०५ मध्ये सेरामपूर येथे विल्यम कॅरींच्या व्याकरणापर्यंत थांबावे लागले. यंत्र एकच, पण ते कोणाच्या हाती आहे आणि वाचण्याचा हक्क कोणाला आहे, यावर सगळे ठरते.

तो हक्क आपल्याकडे मागितला जोतीराव-सावित्रीबाईंनी, १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून. जोतीरावांनी थॉमस पेन वाचला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी युरोपचे हेच उदाहरण घेतले आहे. राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, असे सांगताना त्यांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा आणि भारतातील बुद्धांच्या क्रांतीचा दाखला दिला. १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात मात्र त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. युरोप अभ्यासायचा, पण त्याची आरती करायची नाही, ही दृष्टी यातून मिळते.

पुढच्या वेळी परीक्षेत प्रबोधनाची कारणे लिहाल, तेव्हा १४५३ जरूर लिहा. सोबत १५२५ ची बारा कलमे आणि १५४३ चा वाचनबंदीचा कायदाही लक्षात ठेवा. वस्तीत प्रबोधनाचा कार्यक्रम ठरवताना मंचावर कोण बोलणार हे ठरवतोच आपण. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या हातात पुस्तक पोहोचले आणि कोणाला प्रश्न विचारता आला, हेही एकदा मोजून पाहू.